मामाचं ऑपरेशन: घरच्या ग्रुपवर

मामा: डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या वाढवून उपयोग नाही, डायबिटीससाठी पोटाच्या बायपासचा विचार करा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 9.1 आलंय, वजन 106 किलो. सगळ्यांना सांगून टाकतो, लपवायचं काय त्यात.

अक्कामावशी: अरे, साखर रक्तात, मग पोट कशाला कापायचं? आधी रात्रीचं सराफ्यात खायला जाणं बंद कर.

मामी: अक्का, दोन वर्षं झाली, सराफा बंदच आहे. पोह्यांवर शेवसुद्धा घेत नाहीत, नुसता जिरावण मसाला. तरी साखर उतरत नाही.

ताई: अक्कामावशी, मलाही अगदी हेच वाटायचं. या दिवाळीत माझ्या याच ऑपरेशनला तीन वर्षं होतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी दिवसाला 40 युनिट इन्सुलिन लागायचं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, इन्सुलिन बंद असताना, सिस्टरनी बोट टोचलं. मशीनवर 124. मला खरंच वाटेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या बोटाला परत टोचलं. 121. वजन तोवर दोन किलोही उतरलं नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या टोपणातून 30 मिली पाणी, एवढंच पोटात जात होतं.

दादा: त्यात उपाशी राहण्याचाही वाटा आहे. खाणं एकदम कमी झालं की यकृतातली चरबी पटकन उतरते. मग यकृत इन्सुलिनला दाद देतं, गरज नसताना साखर सोडत नाही. हे काही दिवसांत होतं. स्नायूंमधला इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला दाद न देणं, मात्र वजन उतरेल तसा, महिनोन्महिने कमी होत जातो.

ताई: हो, आणि आतड्याचंही आहे. बायपासनंतर अन्न जठराचा बराचसा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात सोडून पुढे जातं. खालच्या आतड्यात लवकर पोचलं की जीएलपी-1 हे हॉर्मोन भरपूर सुटतं आणि जेवणानंतर स्वादुपिंड वेळेवर इन्सुलिन देतं. हल्ली सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं घेतात ना, ती याच हॉर्मोनसारखं काम करतात.

अक्कामावशी: म्हणजे डायबिटीस कायमचा गेला?

ताई: नाही मावशी. गेल्या वर्षापासून माझी साखरेची एक गोळी, मेटफॉर्मिन, परत सुरू झालीय.

दादा: स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी 72 टक्के लोकांचा डायबिटीस गेलेला होता, दहा वर्षांनी 36 टक्के. पण नुसत्या औषधांवर असलेल्यांपेक्षा हे आकडे कितीतरी चांगले.

ताई: मामा, तुम्हाला डायबिटीस होऊन सहाच वर्षं झालीत, इन्सुलिन अजून सुरू नाही. माझी अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली चार मी नुसती घाबरून घालवली. तोवर स्वादुपिंड दमलेलं होतं. जितका उशीर, तितका फायदा कमी. म्हणून सी-पेप्टाइडची तपासणी करून घ्या, स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते कळेल.

मामी: आणि नंतर खाण्यापिण्याचं?

ताई: मामी, आधी प्रोटीन, मग बाकीचं. पाणी जेवताना नाही. बी-12, लोह, कॅल्शियम, डी आयुष्यभर. छान वाटतंय म्हणून मी आठ महिने गोळ्या सोडल्या, तर तळपायांना मुंग्या यायला लागल्या, जिना उतरताना पायरी नीट कळेना. तपासलं तर बी-12 तळाला. आणि गोड जपून. पहिल्या वर्षी एका लग्नात एक अख्खी जिलबी खाल्ली, पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड. कार्यालयाच्या ओट्यावर आडवी झाले होते, आईला विचारा.

अक्कामावशी: बापरे. आणि हे तू आम्हाला आज सांगतेयस?

ताई: तेव्हा तुम्ही सगळे घाबरला असता.

मामा: शुक्रवारी 11 ची वेळ मिळालीय. तू येशील का गं बरोबर?

ताई: येते की. माझी फाइलही आणते.

अक्कामावशी: मीसुद्धा येणार. मला डॉक्टरांना चार गोष्टी विचारायच्यात.

मामी: अक्का, मग सकाळी आमच्याकडेच या, सगळे मिळून निघू. यांच्या गोळ्यांची यादी मी कागदावर लिहून ठेवलीय.