स्मरणशक्तीच्या चाचणीत अण्णांना ३० पैकी १७. म्हणजे डिमेन्शियाच का?

लालबागची_सून:
सासरे ७४ वर्षांचे, चौथी पास, गिरणीत साचेखात्यात होते. डॉक्टरांनी १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं, मग एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. अण्णा पेन्सिल हातात धरून नुसते बसून राहिले. नणंदबाई तर गावच्या जमिनीपर्यंत पोचल्यासुद्धा. एवढ्यावरून खरंच कळतं?

घरोघर_फिरलेला:
नाही कळत. ताई, मी सर्वेक्षणाच्या कामात निवृत्त झालो. पेन्सिल बघून गप्प होणारे आजोबा भरपूर पाहिलेत. ही चाचणी मुळात शिकलेल्यांसाठी बेतलेली. म्हणून हरियाणात बल्लभगढकडच्या निरक्षर वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप केलं, १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात २० मधून ३ वजा करायचे आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी बोलायचं. आपल्याकडच्या लासी-डॅड या वृद्धांमधल्या डिमेन्शियाच्या देशभरातल्या अभ्यासात साठीपुढच्या ४,०९६ जणांना तपासलं, तेव्हा हीच चाचणी होती. शिवाय घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतात, कारण नुसत्या गुणांवर भागत नाही.

स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या मुलांची १९४७ मध्ये शाळेत बुद्धिचाचणी झाली होती. त्यातल्या हजारावर लोकांना सत्तरीत शोधून पुन्हा तपासलं. त्यांच्या गुणांत जो फरक होता, त्यातला साधारण निम्मा अकराव्या वर्षीच होता! तेव्हा शेजारच्या पेन्शनर मास्तरांशी अण्णांची तुलना करूच नका. दोन वर्षांपूर्वी सहज करायचे आणि आता अडतं, असं काय आहे ते सांगा.

मुलुंडकर:
बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासा. माझ्या मावशीचं बी-१२ फारच कमी निघालं होतं.

लालबागची_सून:
काका, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. चाळीची भिशी अण्णा तोंडपाठ सांभाळायचे, कोणाचा हप्ता राहिला ते वहीत न बघता सांगायचे. गणपतीपासून वही घेऊन बसतात, तरी पैसे दिलेल्याकडेच परत मागायला जातात. आणि टीव्ही इतका मोठा लावतात की खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

घरोघर_फिरलेला:
भिशीचं हलक्यात घेऊ नका. १७ गुणांपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते. न्यूरोलॉजिस्टकडे जाताना हेच तारीखवार लिहून न्या आणि अण्णांसमोर वाचू नका. त्याआधी कान तपासा. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रश्न नीट ऐकू तरी आला होता का? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणं सांगितली, त्यात बहिरेपण आहेच. मशीन लागलं तर लावा, काही महिन्यांनी चाचणी परत करा, शक्यतो मराठीत आणि त्याच डॉक्टरांकडे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की काहीतरी बोलता येईल.

जमिनीचं म्हणाल तर नणंदबाईंना म्हणावं, थांबा जरा.