नवा एजंट म्हणजे फुकटचा ड्रायव्हर का?

वाशिष्ठीकाठ :
कालपासून एका ज्येष्ठ जमीन एजंटाची पोस्ट फिरतेय. म्हणणं असं की नव्या पोरांनी वर्षभर अनुभवी माणसामागे फिरावं आणि दलालीचं नाव काढू नये, 'आम्हीही असेच शिकलो'. खाली नमस्कारांची रांग.

मीही गुहागर पट्ट्यात असाच एकामागे फिरलोय. पुण्याची पार्टी आली की गाडी माझी, पेट्रोल माझं, वेळणेश्वरला जेवण सांगून ठेवायचं तेही मीच. कागद मात्र साहेबांच्या बॅगेत. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, कसा वाचतात विचारलं की 'कळेल हळूहळू'. जमिनीच्या भावाचं बोलणं निघालं की मला शहाळी आणायला पिटाळायचे. याला शिकवणं म्हणायचं? जो पार्टी आणतो त्याचा वाटा टोकनच्या आधी कागदावर लिहा, मग खुशाल गुरू व्हा.

जुना खरेदीखतवाला :
कागदावर लिहा म्हणे! माझ्याकडेही एक पोरगा होता. जेवायला माझ्या घरी. मालकांच्या पडवीत नेऊन बसवला, ओळखी करून दिल्या. पुढे त्यातल्याच एका मालकाकडे हा एकटा हजर : 'काकांना दोन टक्के कशाला देता, मी एकात करतो.' मालकानेच फोन केला म्हणून मला कळलं. इकडे मालक जमीन दाखवतो ती माणूस ओळखून, व्हिजिटिंग कार्ड बघून नाही. ती ओळख कमवायला माझं अर्धं आयुष्य गेलं. तुला ती आयती हवी, वर वाटाही हवा.

परीक्षा_पास :
गुरू-शिष्य कशाला पाहिजेत? 2023 मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. त्या ज्येष्ठांना आधी नोंदणी क्रमांक विचारा.

जुना खरेदीखतवाला :
आले परीक्षावाले. बाळा, रेरा प्रकल्पांना. आमच्याकडे विकलं जातं ते कातळ, वरकस म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, नाहीतर कलमांची बाग. सरळ शेतजमिनीचा व्यवहार तुझ्या रेरात येतच नाही. घेणारा शेतकरी आहे का? नसेल तर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. जमीन कुळाला त्याच कायद्याच्या 32ग खाली मिळालेली असेल तर सातबाऱ्यावर कलम 43 चा शेरा, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाला जमीन मिळून दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारला भरून वाट मोकळी होते. पण तो भरलाय का, चलन कुठाय, हे बघायचं कोणी?

परीक्षा_पास :
मान्य. चार ओळींत सांगितलंत की, वर्ष कुठे लागलं? आणि त्याच कातळावर लेआउट पाडून 'सी व्ह्यू प्लॉट' विकता, तेव्हा जागा 500 चौरस मीटरच्या वर गेली की रेरा लागतो. तेव्हा मात्र तो शेतजमिनीचा सरळ व्यवहार असतो, नाही का?

दादरचा चाकरमानी :
तुम्ही वाट्यावरून भांडा. आमच्या राजापूरच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं आहेत, निम्मी मयत. एका एजंटाने चुलत्याला गाठून त्याच्या हिश्श्याचं खरेदीखत करून घेतलं. आम्हाला कधी कळलं? गणपतीत गेलो तेव्हा. थेट आमच्या दगडी गडग्यापर्यंत तारेचं कुंपण. शिष्य असो की गुरू, सगळे एकाच माळेचे मणी.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या :
चाकरमान्यांनू, गणपतीक येतास, मोदक खातास आणि जातास. वारसनोंद कोणी करूची? सहीसाठी फोन केला की तुमची लोकल चुकत असते. चुलता गावात एकटा, औषधपाण्याचा खर्च त्याच्या डोक्यावर. विकणार नाहीतर काय करणार?

दादरचा चाकरमानी :
मोदक आमच्या घरचे खातो, तुमच्या नाही! चुलत्याचं दुखणं आम्हीच काढलं, केईएमच्या व्हरांड्यात रात्री आम्ही झोपलोय. घरचं माहीत नसताना तोंड उघडू नका.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या :
बरं. औषधपाण्याचं मागे घेतो. वारसनोंदीचं नाही.

वाशिष्ठीकाठ :
धागा कुठच्या कुठे गेला, पण मुद्दा हाच आहे. अविभक्त हिस्सा विकायला कायदा हिस्सेदाराला अडवत नाही. पण वाटपच झालेलं नसताना हा तुकडा चुलत्याचा असं कुंपणवाल्याला कोणी दाखवलं? एजंटानेच ना? त्याच्या हाताखालच्या पोराला हे कळलं असतं तर तो तिथंच म्हणाला असता, आधी सगळ्यांच्या सहीने जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडून वाटप करून घ्या.

जुना खरेदीखतवाला :
पोरगा म्हणाला असता आणि एजंटाने ऐकलं असतं! कुठल्या गावचा रे तू? पण असो. असली कुंपणं घालणाऱ्यांमुळे आम्हालाही आता अंगणात कोणी घेत नाही, हे खरं आहे. लिहून देतो तुझा वाटा, टोकनच्या आधी. स्टॅम्पपेपर तू आण. त्यावर हेही लिही की मी दाखवलेल्या मालकाकडे दोन वर्षं परस्पर जाणार नाही.

वाशिष्ठीकाठ :
एक वर्ष. आणि फेरफार माझ्यासमोर वाचायचे.

जुना खरेदीखतवाला :
दीड. चष्मा तुझा असेल तर वाचतो.

दादरचा चाकरमानी :
वा, यांचं जमलं! आमच्या कुंपणाचं काय?

परीक्षा_पास :
खरेदीखताची नक्कल काढा. चतु:सीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, काय लिहिल्यात ते बघा आणि फेरफार अजून मंजूर नसेल तर आजच तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील. गणपतीपर्यंत थांबू नका.