मदत हवी आहे: ४के टीव्हीवर पीएस४ चं चित्र पुसट दिसतंय

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. दिवाळीत घरी ४३ इंची ४के टीव्ही आला. त्यावर आमचा पीएस४ स्लिम (प्लेस्टेशन ४, गेम खेळायचा कन्सोल) लावला, तर जुन्या ३२ इंचीवर लख्ख दिसणारं चित्र इथं पुसट दिसतंय. क्रिकेटच्या गेममध्ये खालच्या स्कोअरपट्टीवर आकड्यांभोवती पांढरी झालर येते, सीमारेषेजवळचं गवत म्हणजे नुसता हिरवा लगदा. शिवाय बटण दाबल्यावर बॅट उशिरा फिरते, तो त्रास आधी नव्हता.

दुकानदार म्हणाला होता, टीव्ही ४के आहे म्हणजे गेमही ४के दिसणार. पण पीएस४ स्लिम १०८०पीच्या वर सिग्नल देतच नाही. १९२० बाय १०८० म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, आणि टीव्हीचे ३८४० बाय २१६० म्हणजे ८३ लाख. बरोबर चौपट. एकाचे चार केले की झालं, मग चित्र बिघडतंय कशानं?

लहान भाऊ म्हणतो पीएस४ विकून एक्सबॉक्स सिरीज एस घेऊ. सोयाबीनचे पैसे आलेत, पण उगीच घालवायचे नाहीत. दोष कन्सोलचा की टीव्हीचा, हे आधी कळायला हवं. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने कडा कापल्या जातात म्हणून कन्सोलमध्ये डिस्प्ले एरिया, म्हणजे चित्र पडद्याची किती जागा घेणार ती सेटिंग, थोडा लहान करून दिला होता. त्याचा काही संबंध असेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद, लातूरहून:
दादा, कन्सोल विकू नका. मुख्य भानगड त्या डिस्प्ले एरियाची आहे. कडा कापल्या जात होत्या म्हणजे टीव्हीचा ओव्हरस्कॅन चालू आहे. पिक्चर ट्यूबच्या काळापासून ही पद्धत आहे, टीव्ही चित्र थोडं फुगवतो आणि कडेचा भाग बाहेर टाकतो. आता तुमचं चित्र कन्सोलमध्ये आकसतं आणि टीव्हीत पुन्हा ताणलं जातं. एकाचे चार हा हिशोब तिथंच मोडतो, प्रत्येक पिक्सेल शेजारच्यात मिसळतो.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद करा. काही टीव्हींवर त्याला जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट म्हणतात. मग कन्सोलवर साउंड अँड स्क्रीनमध्ये जाऊन डिस्प्ले एरिया पूर्ण मोठा करा. झालर टीव्हीच्या शार्पनेसमुळे (कडा ठळक करणारी सेटिंग) येते, तो खाली आणा. आणि गेम मोड लावा. टीव्ही चित्र सुधारत बसतो, त्या वेळात तुमची बॅट अडकते.

तरी थोडा मऊपणा राहीलच. बहुतेक टीव्ही वाढीव पिक्सेल शेजारचे रंग बघून अंदाजाने भरतात. शिवाय काही गेम मुळातच कमी पिक्सेलवर चालतात. बॅटलफिल्ड ४ पीएस४ वर ९००पी होता. जे कन्सोलने काढलंच नाही ते टीव्ही कुठून आणणार? सिरीज एसही १४४०पी डोळ्यासमोर ठेवून बनवलेला आहे, ४के टीव्हीला तोही चित्र वाढवूनच देतो.

मूळ धागाकर्ता:
भाऊ, मनापासून आभार. गवताची पाती वेगवेगळी दिसू लागली, बॅटही वेळेवर फिरते. गेम मोडमध्ये रंग मात्र फिके पडले. ते वाढवले तर परत उशीर होईल का?

प्रतिसाद, लातूरहून:
नाही. रंग, ब्राइटनेस बिनधास्त वाढवा. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवायची सेटिंग) तेवढं बंद ठेवा.