कचरा डेपोचं काळं पाणी तळ्यात उतरलंय, चुना टाकू का?

तळेवाला:
गावतळं आम्ही तिघांनी माशांसाठी ठेक्याने घेतलंय. वरच्या अंगाला बंद पडलेल्या खाणीत शहराचा कचरा पडतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि ओढ्यातून उकळलेल्या चहासारखं पाणी आलं, वर फेस. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बघतो तर पाऊण-पाऊण किलोचे कटले काठाला येऊन आ वासतायत. दहा वाजता पुन्हा खाली, जसं काही झालंच नाही. म्हशी मात्र पाण्याला तोंड लावत नाहीत. जो तो म्हणतो, ५० किलो चुना मार. मारू का?

रसायनताई:
दादा, आज चुना नको! कचऱ्याच्या पाण्यात अमोनिया भरपूर असतो. पीएच, म्हणजे पाणी आंबट की चुन्यासारखं हे सांगणारा आकडा, ७ च्या आसपास असेल तर तो माशांना फारसा बाधत नाही. चुन्याने पीएच चढला की तोच विषारी होतो. तळं हिरवं असेल तर दुपारी पीएच आपसूक चढतो, म्हणून तपासायचा तर तीन वाजता. पहाटेचं आ वासणं वेगळं. घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात, रात्री शेवाळही खातं. खाद्य बंद करा आणि पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा.

फुरसुंगीकर:
उरुळी देवाची-फुरसुंगीला पुण्याच्या कचऱ्याने विहिरी नासल्या, ते डोळ्यांनी बघितलंय. क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, तपासून घ्या. ते कुजत नाही, मातीत फारसं अडकत नाही, त्यामुळे कचऱ्याच्या पाण्याचा माग लागतो. डेपोच्या वरची विहीर, ओढा आणि तळं, तिन्ही बाटल्या एकाच दिवशी. सांडपाण्यानेही क्लोराइड वाढतं, म्हणून ओढ्याची बाटली वस्तीच्या वर भरा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे २५० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा. जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत विचारा. प्राणवायू मात्र काठावरच किटने मोजा, बाटलीतून घरी नेलात तर आकडा खोटा.

तळेवाला:
ताई, चुन्याची पोती परत केली. रात्रभर पंप चालवला, आज वर आलेले मासे कमी होते, मेले सात. बाटल्या उद्या नेतो. ओढ्याच्या तोंडाशी माती टाकून काळं पाणी बाजूला काढायला चर खणला, पण तो उतरतो चुलत्याच्या उसात. चुलता सकाळीच फावडं घेऊन बांधावर उभा आहे.