मदत हवी आहे: वर्षाच्या गव्हाला काय लावता?

नमस्कार मंडळी. यंदा दीड क्विंटल गहू भरलाय, कोठी झोपायच्या खोलीतच (दोन खोल्यांत दुसरी जागा कुठली!). शेजारच्या काकू म्हणाल्या, गोळ्या टाक, पोरकिडे फिरकणार नाहीत. बघते तर त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या! हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेततो. घरात दीड वर्षाची लेक आहे, त्यामुळे त्या नकोतच. तांदळाची बोरिक पावडरही बंद केली.

सध्या गहू कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा सुकवलेला पाला घातलाय, तूरडाळीला एरंडेल चोळलंय. पावसाळ्यात एवढ्याने भागतं का? कोकणातल्यांनी खास सांगा, पाला किती दिवसांनी बदलता? आणि गव्हालाही एरंडेल लावलं तर पोळीला वास येतो का?