मदत हवी आहे : ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर सुरक्षितपणे कसा काढावा?

नमस्कार. गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकून घेतले. दुरुस्ती करणाऱ्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट न करताच ते टाकल्यामुळे जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये जशीच्या तशी राहिली असून, २५६ जीबीच्या डिस्कवर त्याने एकट्याने ७४ जीबी जागा अडवली आहे.

आधी मी तो फोल्डर निवडून सरळ डिलीट दाबले (घाईच झाली म्हणायची). काही फाइली गेल्या, पण उरलेल्यांसाठी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ची (विंडोजच्या प्रणाली-फाइलींची मालकी असलेल्या अंतर्गत खात्याची) परवानगी लागेल असा संदेश आल्यावर मी हात आखडता घेतला. मालकी बदलून फाइली जबरदस्तीने पुसण्याचा उपाय मला धोक्याचा वाटतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने गेल्यास जुन्या विंडोजचा पर्याय दिसतो. मात्र फोल्डर अर्धवट पुसला गेल्यानंतरही तो पर्याय उरलेले सर्व काढतो का, की त्यासाठी ‘डिस्क क्लीनअप’ हे विंडोजमधले साधन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे लागते?

जुन्या ‘युजर्स’ फोल्डरमधून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स मी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले आहेत. तथापि ‘ॲपडेटा’ हा प्रोग्रामांची माहिती व सेटिंग्ज साठवणारा लपवलेला फोल्डर तसाच आहे, आणि आउटलुकच्या जुन्या पत्रांची पीएसटी फाइल नेमकी कुठे असेल याची मला खात्री नाही. पुसण्यापूर्वी आणखी कोणती ठिकाणे तपासावीत, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.