आमची सांबऱ्याची मंडळी: गणपतीचं विमान

बंटी: गणपतीला येतोय. बेंगळूरूहून हुबळीचं तिकीट स्वस्त दिसतंय, तेच काढू?

वहिनी: आणि हुबळीहून पुढं गाडीत हाडं मोडून घेणार? आपला बेळगावचा सांबरा विमानतळ घराला लागून आहे की!

दादा: घराला कसला, शेताला 😀

आबा: चेष्टा राहू दे. १९४२ साली ब्रिटिश वायुदलानं बांधला तो, ब्रह्मदेशच्या लढाईसाठी. आमचे वडील तिथं खडी फोडायला रोजगारावर होते. इंग्रज गेले, पण वायुदल हाय अजून. आता अग्निवीरांचं ट्रेनिंग चालतंय. पहाटे म्हशी सोडताना त्यांचं ‘एक-दो-एक’ ऐकू येतं.

बंटी: मग मोठी विमानं इतक्या उशिरा का आली?

दादा: धावपट्टी १८३० मीटर होती रे. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, उतरायचं; मोठ्या एअरबसला ती तोकडी. २३०० मीटर केली आणि १४ सप्टेंबर २०१७ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. जुनं टर्मिनल म्हणजे एसटी कंट्रोलरची खोली!

ताई: धावपट्टी वाढली आणि आपली गाडीवाट गेली, ते पण सांग. गवताचा भारा घेऊन कंपाउंडला वळसा घालायचा म्हणजे मान मोडते. पैसे आले, वाट नाही आली.

आबा: 👆 व्हय.

दादा: खरं आहे. आणि एवढं करून २०१८ ला विमानं हुबळीला गेली. केंद्र सरकारची स्वस्त विमानप्रवासाची ‘उडान’ योजना आहे ना, तिच्या दुसऱ्या फेरीत हुबळी होती, आपण नव्हतो. तिसऱ्या फेरीत, २०१९ ला, आपला नंबर लागला. त्यात स्वस्त सीटची तूट सरकार भरून देतं, पण मुदत तीन वर्षांची. मुदत संपली की कंपनी हिशेब बघते. नुसती इमारत बघून विमान येत नाही. १० मार्च २०२४ ला आणखी एका टर्मिनलची पायाभरणी झाली, म्हणून म्हणतोय.

मामा: खानापूरवाले आम्ही विमानाला गोव्यालाच जातो 🙏

वहिनी: तुम्ही फेणीसाठी जाता वो!

बंटी: 😂 बरं, सांबराच काढतो. ९०० रुपये जास्त पडतात.

वहिनी: हुबळीहून टॅक्सी किती घेते, विचार एकदा.

आबा: डावीकडची खिडकी घे. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, विमान पूर्वेकडनं उतरतंय. आपली विहीर त्याच अंगाला हाय.

बंटी: घेतली. न्यायला कोण येणार?

दादा: मी. पार्किंगचे पैसे तुझे.

ताई: चालत ये रे, कंपाउंडला वळसा घालून 😏